दिवसभर लुकलुकणारा दिवा

पहिला आठवडा: शंभरातल्या एकाहत्तर गाड्यांनी वेग कमी केला.
सातवा आठवडा: एकोणीस.

वाहतूक खात्याच्या बाईंनी कागद शिलाई मशीनवर ठेवला. टेलरमास्तरांनी पायडलवरून पाय काढला. शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर हा पिवळा दिवा त्यांनीच पदरचे पैसे घालून बसवून घेतला होता. भिंगरी तिथेच गाडीखाली गेली, म्हणून. नऊ वर्षांची लेक. एका जागी ठरेल तर शपथ.

"दिवा बिघडलाय?"

"दिवा ठणठणीत आहे, मास्तर. पण चोवीस तास लुकलुकतो ना, लोकांची नजर मेलीय. बटण बसवू. पोरांनी दाबलं की तेवढ्यापुरता लागेल."

"आणि एरवी?"

"एरवी बंद. दिवा तुम्ही दिलेला, म्हणून सही तुमची हवी."

एरवी बंद.
हे घरी कुठल्या तोंडानं सांगायचं? बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिव्याकडे बघत भाजी चिरायची. "जागी आहे हो आपली," म्हणायची.

सही केली. मग सांगितलं.

"म्हणजे तुम्ही झोपवलंत तिला," ती म्हणाली. चिरणं थांबवलं नाही.

पुन्हा पहिला आठवडा: शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी थांबल्या. अगदी थांबल्या.

रविवार. शाळा बंद. दुपारी दिवा लागला.

मास्तर चपला न घालताच धावले. बायको खांबाशी उभी, बोट बटणावर. दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबलेल्या, मधे रस्ता मोकळा.

"ओ काकू," ट्रकवाला ओरडला, "जायचं तर जा, नाहीतर सोडा आम्हाला!"

दिवा विझला. गाड्या सुटल्या. तिनं परत दाबलं.

या खेपेला एक पांढरी गाडी मंदावली, रिकामे पट्टे बघितले आणि सरळ निघून गेली.

हेच बटण शाळेची पोरं दाबणार. उद्या सोमवार.

त्यांनी तिचं बोट हळूच बटणावरून सोडवलं आणि हात धरला.

"चल."

"कुठे?"

"पलीकडे."

"पलीकडे काय आहे आपलं?"

"काही नाही गं. पण दाबलंयस ना? मग ओलांडायला हवं."

दोघं पट्ट्यांवर उतरले. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. मधोमध आल्यावर तिचे पाय थिजले. त्यांनी ओढलं नाही. आपणही उभे राहिले.

कुणीच हॉर्न वाजवला नाही.