आमदारांची एक गैरहजेरी

आमदारसाहेबांची सगळी भाषणं वार्ताहरबाईंनी वाचून काढली होती. घटस्फोट सोपा करणारा कायदा आला, साहेबांनी कडाडून विरोध केला. एकट्या बाईला मूल दत्तक द्यायचं ठरलं, तेव्हाही तेच. कुटुंब मोडता कामा नये, हे त्यांचं पालुपद. पण नवऱ्याचं घर सोडलेल्या बायकांना निवारा देणारं विधेयक मताला आलं, तेव्हा एरवी जागचा न हलणारा हा माणूस गुपचूप सभागृहाबाहेर गेला होता.

‘‘यात काहीतरी पाणी मुरतंय,’’ बाई संपादकांना म्हणाल्या आणि मुलाखतीला साहेबांच्या घरी पोचल्या.

साहेब तोलूनमापून बोलत होते. वडील मास्तर, आई कडक, आपण एकुलते एक. वरच्या मजल्यावर शिलाई मशीन घरघरत होती.

‘‘वर कोण असतं?’’

‘‘कामवाली,’’ साहेब घाईनं म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, ‘‘दादा, तुझा चष्मा वरच राहिलाय रे!’’

चष्मा घेऊन खाली आलेली बाई हुबेहूब साहेबांच्या तोंडवळ्याची होती. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘माझी धाकटी बहीण,’’ ते पुटपुटले. ‘‘हिचा नवरा मारायचा. मी घेऊन आलो. ती इथं आहे हे त्याला कळता कामा नये. छापू नका.’’

बहिणीनं मान डोलावली. पण ही मान तिची, की भावानं डोलवायला लावलेली? बाईंना खात्री वाटेना. त्यांनी साहेबांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं, दाराखालच्या फटीत चपलांची सावली मात्र तशीच राहिली.

‘‘ताई, मनातलं सांगा.’’

बहिणीनं त्या सावलीकडे पाहिलं आणि आवाज मुद्दाम चढवला. ‘‘माझ्याबद्दल छापू नका, हे माझंच म्हणणं. जिवाची भीती आहे मला. पण दादाला विचारा, माझा संसार मोडून मला आणलंस, मग इतर बायकांनी जायचं कुठं?’’

बाईंनी दार उघडलं. साहेब तिथंच उभे होते. ‘‘ऐकलंत ना? मग त्या मतदानातून उठून का गेलात?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हिची गोष्ट वेगळी होती,’’ एवढंच बोलून ते जिना चढून गेले.

बातमीत बाईंनी साहेबांची सगळी मतं दिली, ती गैरहजेरी दिली आणि लिहिलं, ‘कारण विचारलं असता आमदारांनी उत्तर टाळलं.’ बहिणीचा उल्लेखही केला नाही.

संपादकांनी कागद खाली ठेवून चष्म्यावरून पाहिलं. ‘‘घरी जाऊन आलात आणि एवढंच? साहेबांनी काय द्यायचं कबूल केलंय तुम्हाला?’’

बाईंची कानशिलं तापली. खरं सांगायला तोंड उघडलं, पण संपादकांच्या टेबलाभोवती चार टाळकी कान टवकारून उभी होती.

‘‘एवढंच आहे,’’ त्या म्हणाल्या.