तुकडे फुकट असतात

जाड सुती, खाकी.

सोलमधल्या दोंगदेमुनच्या कापडबाजारात नक्कल होऊ नये म्हणून फोटो काढायला बंदी आहे. तुकडा मात्र फुकट. दुकानाबाहेर टांगलेल्या नमुन्यांच्या कार्डांवरून घ्या, शिवणाऱ्याला दाखवा, पसंत पडला तर थान त्याच दुकानातून न्या. तीस वर्षं मी हेच करते. कुणी चिंधी पाठवतं, मी ती बोटांत चुरगाळते, दुकान सांगते आणि एक तुकडा माझ्या कार्डावर लावून ठेवते. मला तुकडा देताना, कुणासाठी, असं कोणी विचारत नाही.

अस्तर, गुळगुळीत.

ते-युल कपड्यांचं डिझाइन शिकायला कॉलेजात होता तेव्हापासून त्याला कापड मीच शोधून दिलं. आता त्याचं कापड शोधून देणारं ॲप आहे.

"मावशी, बोटं म्हातारी होतात. मशीनला शिकवून ठेवा की."

"आणि दुकानं?"

"सगळ्यांना घरबसल्या गिऱ्हाईक! तुमच्या दोक-जाताईंना सगळ्यात आधी."

सहा महिने मी तुकडे नेले. फोटो त्याच्या ऑफिसात निघाले. बाजारात मी एकही काढला नाही, असं रोज स्वतःला बजावत होते.

लिनन, पट्ट्यांचं.

दोक-जाताईने आपल्या दुकानात फोन माझ्या नाकासमोर धरला. ते-युलच्या ॲपवर तिचेच पट्टे, स्वतः रंग जुळवून देगूच्या गिरणीत विणून घेतलेले. दुकानाचं नाव कुठेच नाही. खाली लिहिलेलं: थेट गिरणीतून मागवा.

"हे मी अजून बाहेर टांगलेलंही नाही," ती म्हणाली. "तुला एकटीला दिलं होतं. बघ गं, कसं वाटतं, म्हणून."

(या कार्डावर कापड नाही. फोन लावला, एवढंच.)

"ते-युल, दुकानांची नावं कुठे गेली?"

"धंद्याची रीतच बदलली, मावशी. पैसे लावणाऱ्यांना मधलं कोणी नको होतं."

"मीसुद्धा मधलीच रे."

मग म्हणाला, "जेवलात का?"

क्रीम, पातळ. मिळालं नाही.

आज एका शिवणारीला हवं होतं. दोक-जाताईच्या दारात शंभरेक कार्डं लटकत होती. मी हात पुढे केला.

"तुकडे संपलेत."

"ताई, मग हे काय टांगलंय?"

"हे गिऱ्हाइकांसाठी."

शेजारच्या दुकानदाराने, माझ्याकडे न बघता, आपली कार्डं आत ओढली. मग त्याच्या पुढच्याने.