नुसत्या पाण्याचा गुलाबी रंग

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायला इथे कोणाला वेळ नाही, म्हणून मीच करून देतो. मी प्रयोगशाळेतला एक जुना रंगमापक. माझ्या पोटात एक दिवा आहे. छोट्या कुपीतलं रंगीत पाणी माझ्यात ठेवलं, की त्यातून उजेड किती पार जातो ते पाहून मी आकडा सांगतो. वीस वर्षं हेच चाललंय. खरं सांगू? कंटाळलोय.

नवा होतो तेव्हा शेजारच्या विभागातली माणसं मला मुद्दाम बघायला यायची. आता माझ्या डोक्यावर हातमोज्यांचा खोका ठेवतात. असो.

आपल्या रक्तात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू असतो. तो रक्तवाहिन्या सैल ठेवतो, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीसा होतो. मागे उरतं ते नायट्राइट. त्यात रसायन घातलं की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितका वायू जास्त, असा अंदाज बांधतात. त्याआधी रक्तातला पातळ, पिवळसर भाग वेगळा करून बारीक गाळणीतून गाळावा लागतो. हे काम आमच्या काकांचं. काका म्हणजे इथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. कोरी गाळणीसुद्धा ते शुद्ध पाण्याने चार वेळा धुऊन घेत. लोक चेष्टा करायचे, काका आपले धूत राहायचे.

संशोधन करणाऱ्या ताईने निरोगी माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा काका हाताशी होते. मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते दोन महिने घरी बसले आणि तीस रुग्णांचं रक्त ताईने एकटीने तपासलं. आकडे निरोगी माणसांच्या दुप्पट आले, अगदी तिला हवे होते तसे; आजारात हा वायू वाढतो, हेच तिला सिद्ध करायचं होतं. दोन वर्षांच्या कष्टांचं चीज झालं, असं जो तो म्हणू लागला.

काका काठी टेकत परत आले.

"गाळण्या धुतल्या होत्यास ना?"

"नव्या कोऱ्या होत्या, काका. पाकीटबंद."

काकांनी त्याच खोक्यातली एक गाळणी काढली. तिच्यातून नुसतं पाणी गाळलं आणि रसायन घातलं. रक्ताचा थेंब नव्हता, तरी पाणी गुलाबी झालं. म्हणजे नायट्राइट कोऱ्या गाळणीतच होतं. मी आकडा दाखवला. मला तरी दुसरं काय येतं?

ताईने आकड्यांची वही मिटली. "कोणाला कळणार नाही, काका."

"आपल्या दोघांना कळलंय."

"रक्त सगळं संपलंय. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय."

"मग मुदत मागायची. आणि रक्तही."

मला तिची फार दया आली. मग वही उघडून तिने पट्टीने तीसच्या तीस आकड्यांवर रेघ मारली आणि माझ्या शेजारीच बसून एकेका रुग्णाला फोन लावला. पहिल्या बाईंनी सरळ नाही म्हटलं. दुसरे एक आजोबा होते.

"आधीच्या रक्ताचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"वाया गेलं, आजोबा. चूक माझी होती."

"माझी शीर लवकर सापडत नाही हो," आजोबा म्हणाले. "तीनदा टोचलं होतं. बरं, येतो सोमवारी."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. पण हातातली कुपी कोणाच्या तरी दंडातून आलेली असते, तेवढं विसरू नका.