दहा फुटी हसिना

सकाळी सव्वासातला फोन, तळेगावच्या एका मॅडमचा: "हसिनाताई, यंदा तांदूळ नको. काल प्रदर्शनात बघितलं तुम्हाला."

नवं खुरपं, पेपरात गुंडाळलेलं.

बशीएवढी लाल टिकली.

उसाच्या रसाचा ग्लास, अर्धा तसाच.

श्रावणात बांधाशी थांबलेली पांढरी गाडी, लोणावळ्याला निघालेली माणसं. "मावशी, एक फोटो काढू? जरा हसा ना."

आता सगळं ओळीने.

हसिना आणि रज्जाक मुलाणी मावळातल्या कान्हे गावचे. दीड एकर इंद्रायणी भात. वर्षातली त्यांची एकच सुट्टी म्हणजे वराळ्याच्या बाजूला माळावर भरणारं मोठं कृषी प्रदर्शन. रज्जाकला पॉवर टिलर बघायचे होते, हसिनाला खुरपं घ्यायचं होतं.

"काल बघितलं म्हणती," फोन ठेवून हसिना म्हणाली. "आपण तर आज चाललोय."

"दुसरं कोण दिसलं आसंल," रज्जाक म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली.

तळेगावातली बावीस घरं आठ वर्षं तिच्याकडून तांदूळ घेत होती. एकाच शब्दावर: तणनाशक मारलेलं नाही. बेणणी हाताने. पोटरीभर चिखलात वाकून एकेक गवत उपटायचं, भाताचं रोप न दुखावता. तिच्याकडे कसला शिक्का नव्हता की प्रमाणपत्र. लोक तिच्या तोंडाकडे बघून तांदूळ घ्यायचे.

फलक, सकाळी अकरा वाजता.

हिरवंगार भात. त्यात वाकलेली, हसणारी, दहा फुटी हसिना. कपाळावर टिकली, जी तिने जन्मात लावली नव्हती. हातात तणनाशकाची बाटली. खाली अक्षरं: "आता बेणणी नको, एक फवारा बस! सौ. अनिताताई, प्रगतशील शेतकरी, मावळ."

रज्जाकने रसाचा ग्लास खाली ठेवला. "ही तू हायस."

"मला दिसतंय की. मी काय आंधळी हाय?"

फलकाखालच्या कंपनीच्या स्टॉलवर सुहास नावाचा विक्रेता होता. गळ्यात ओळखपत्र. "या मावशी, एकरी किती लागतं सांगतो—"

"हे चित्र कुणाचं?"

सुहासने फलकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत फलकाकडे. "मॉडेल असतात त्या, मावशी. एजन्सी देते."

"मॉडेल?" रज्जाक म्हणाला. "मग मॉडेलनं साडीवर माझा शर्ट कसा घातला? त्यो फाटका खिसा बघ. मीच फाडलाय, तारेत अडकून."

माणसं हसली, गोळा झाली. कुणीतरी नाव विचारलं. "हसिना मुलाणी," ती म्हणाली आणि हसू थांबलं. सगळे टिकलीकडे बघायला लागले.

बाजीराव नावाचे एक पुढारी गर्दीतून मोबाईल धरून पुढे आले. "भाभी, हा तुमच्या समाजाचा अपमान हाय. इकडं बघून बोला, लाइव्ह चालू हाय."

"टिकलीत अपमान कसला?" मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. तिसऱ्याने दुसऱ्याची कॉलर धरली.

"काढतो, टिकली काढतो!" सुहासला घाम फुटला होता. "कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे, मावशी!"

"टिकली राहू दे!" हसिना ओरडली. "बाटली काढ! टिकली मी रोज बघते, शेजारच्या विठाबाईच्या कपाळावर. तिनं कुणाचं वाटोळं केलं न्हाई. आठ वर्षं घरोघर सांगतेय, मारत न्हाई, मारत न्हाई. आन् तू माझ्याच तोंडानं सांगतोस मारते म्हणून? खोटी पाडलीस मला! त्या मॅडमनी सकाळी फोन का केला ते आत्ता कळलं."

बाजीराव जवळ आले. "भाभी, बाटलीचं नंतर बघू. आदी टिकलीचं बोला."

"तुमी गप ऱ्हावा, भाऊ!"

सुहासने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, साहेबांना फोन लावला. शेजारच्या मंडपात छपाईचं यंत्र होतं. नवीन फलक लावतो म्हणाला. चार तास दोघं बसून राहिले. पॉवर टिलर बघायचे राहिले.

फलक, दुपारी तीन वाजता.

टिकली नाही. अक्षरं बदललेली: "हसिना मुलाणी, कान्हे." बाटली आहे तिथेच, पहिल्यापेक्षा मोठी.

"घ्या," सुहास म्हणाला, "आता सगळं खरं झालं."

बाजीरावांनी टाळ्या वाजवल्या आणि फलकासमोर स्वतःचा फोटो काढला.

रज्जाक चार तास "जाऊ दे, घरी चल" एवढंच म्हणत होता. तो उठला. पिशवीतून सकाळीच घेतलेलं खुरपं काढून त्याने वरचा पेपर सोडला आणि ते हसिनाच्या हातात दिलं. आपली खुर्ची फलकाखाली ओढली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढ," तो म्हणाला. "पडू नगंस."

"मावशी! अहो, कंपनीची प्रॉपर्टी आहे ती!"

"आन् माझं तोंड कुणाची प्रॉपर्टी रं?"

फ्लेक्स चर्रकन फाटलं. तिने बाटली कडेकडेने कापली, आजूबाजूच्या भाताला धक्का न लावता. भोकातून पलीकडे रांगेने लावलेले पॉवर टिलर दिसत होते.

"अरहमचे अब्बा, बघून घ्या तुमचे टिलर," ती खुर्चीवरूनच रज्जाकला म्हणाली. मग बाटलीची घडी करून पिशवीत टाकली. "आता तळेगावला गाडी घ्या. बावीसच्या बावीस दारांत दाखवायची मला ही."

श्रावणात पांढऱ्या गाडीतल्या माणसांनी फोटो काढला तेव्हा हसिनाच्या त्या बाटलीच्या हातात नुकत्याच उपटलेल्या गवताची जुडी होती.