गप्प वर्ग

वर्गात कुणीच बोलेना. पाचवीची सगळी मुलं खिडकीतून समोरच्या टेकडीकडे, तिथल्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांकडे बघत बसली होती.

सोराईदा याताको बाईंनी प्रश्नच तसा विचारला होता. "आपल्या जुन्या माणसांनी मेलेल्यांना टेकडीवर जागा दिली. आणि आपण जिवंत माणसं राहतो खाली, ओढ्याच्या पात्रात. असं का बरं केलं असेल त्यांनी?"

केब्राडा सेका, म्हणजे 'कोरडा ओढा', ही वस्ती खरोखरच ओढ्यात होती. ओढा वर्षानुवर्षं कोरडा, म्हणून लोकांनी त्यात आधी चटयांच्या भिंतींची, मग विटांची घरं उभी केली आणि शेवटी शाळाही बांधली. डोंगराकडून चिखल-धोंड्यांचा लोंढा कधीकाळी इथूनच यायचा, हे आता फक्त म्हाताऱ्यांना आठवत होतं.

मागच्या बाकावर शिक्षण कचेरीतल्या निरीक्षक मॅडम मांडीवर टॅब घेऊन बसल्या होत्या. शिक्षक मुलांना 'उच्चस्तरीय आणि सर्जनशील विचार' शिकवतात का, हे तपासणं त्यांचं काम. तपासायचं म्हणजे काय, तर हात किती वर झाले आणि तोंडं किती उघडली ते बघायचं. विचार दिसत नाही, हात दिसतो. त्यामुळे त्या बिचाऱ्या गुण देत ते हाताचेच.

बाईंना मात्र विचार दिसत होता. आवेलिनानं खालचा ओठ दातांत धरला होता. ही मुलगी सावकाश, पण तिचं डोकं चालायला लागलं की ती असंच करी. पावाचं पीठ फुगत असताना सारखं झाकण उघडून बघू नये, हे बाईंना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. त्या थांबल्या. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, टॅब मिटला आणि त्या निघून गेल्या.

दार लागलं आणि आवेलिना उभी राहिली.

"बाई, मेलेल्यांना पळता येत नाही म्हणून."

बाई तशाच फाटकापर्यंत धावत गेल्या. पण मॅडमची मोटोटॅक्सी धूळ उडवत वळणापलीकडे गेलेली होती.

शेरा आला: विद्यार्थी निष्क्रिय, विचारप्रक्रियेला चालना नाही.

"मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, सोराईदाबाई," मुख्याध्यापक फाउस्तो सर म्हणाले. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दफनभूमी कसली काढता? झाडं वाचवा, पाणी वाचवा, हे काय वाईट आहे?"

"मुलं विचार करत होती, सर."

"असतील. पण आवाज करून करायला सांगा ना! पुढच्या खेपेला पुन्हा असंच झालं, तर तुमचं कंत्राट गेलं म्हणून समजा. मग त्या वरच्या डोंगरातल्या शाळेत जाल? आईला पाठुंगळीला मारून?"

बाईंची आई अंथरुणाला खिळून होती आणि घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी मुलांना पढवायला ठाम नकार दिला होता, त्याचा त्यांना अभिमानही होता. पण आईला रोज भरवावं लागतं, आणि अभिमान ताटात वाढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालीम सुरू केली. युक्ती फाउस्तो सरांचीच, आसपासच्या सगळ्या शाळांत चालणारी. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. बाईंनी फक्त उजव्या हातांना उठवायचं. मुलांना भारी मजा वाटली. ज्यांना कधी काही यायचं नाही, तेही आता छाती काढून डावा हात नाचवू लागले.

आवेलिनाला बाईंनी सगळ्यात मोठं वाक्य दिलं. झाड तोडणारा माणूस दुष्ट असतो, कारण तो उद्याचा विचार करत नाही, असं काहीतरी.

आवेलिनानं ओठ चावला. "पण बाई, माझे बाबा तोडतात ना ग्वारांगोची झाडं. कोळशासाठी. ते उद्याचाच विचार करतात. उद्या चूल पेटायला हवी म्हणून."

एरवी बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या असत्या आणि अख्खा तास तिथंच रंगला असता. आज त्यांनी घड्याळ बघितलं.

"ते खरं असेल गं. पण मॅडमसमोर असं म्हणायचं नाही."

"मला तसं वाटत नाही, तरी?"

"वाटत नसलं तरी म्हणायचं," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना त्याच क्षणी कळलं. शब्द मागे घेता आले असते, त्यांनी घेतले नाहीत.

निरीक्षक मॅडम आल्या त्या दिवशी वर्ग नुसता मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गजबजला होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत हातांचं रान माजे. आवेलिनानं आपलं वाक्य हातवाऱ्यांसकट, खणखणीत म्हटलं आणि शेवटी एक सुस्काराही सोडला. तो तिनं स्वतःच्या मनानं घातला होता. मॅडम पुढे येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हा आहे स्वतंत्र विचार! बाई, किती बदललाय हो तुमचा वर्ग!" मग मुलांच्या आयांनी रांधलेला कारापुल्क्रा, वाळवलेल्या बटाट्यांचा रस्सा, दोनदा वाढून घेऊन त्या तृप्त मनानं गेल्या. कंत्राट वाचलं. फाउस्तो सरांनी सगळ्या शिक्षकांसमोर बाईंचं कौतुक केलं, आणि त्यांना ते थपडेसारखं लागलं.

पुढच्याच आठवड्यात एलिओ नावाचा पोरगा दगड झालेला मोठा शिंपला घेऊन आला. घरामागं संडासाचा खड्डा खणताना सापडला म्हणाला. बाईंचं मन उसळलं. असा प्रश्न मागून मिळत नाही. त्यांनी शिंपला टेबलावर ठेवला.

"समुद्र इथून बसनं दोन तास. मग हा आपल्या जमिनीत, इतक्या खोल, कुठून आला असेल?"

त्या थांबल्या. मुलं शिंपल्याकडे बघेनात, बाईंच्या तोंडाकडे बघू लागली.

"आवेलिना, तुला काय वाटतं?"

आवेलिना झटकन उठली. ओठ चावला नाही, खिडकीबाहेरही बघितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर शहाण्या मुलीचं हसू होतं.

"तुम्ही सांगा ना बाई काय म्हणायचं ते. मी मस्त पाठ करीन!"

"मला माहीत नाही गं. तूच सांग."

आवेलिना हसली. बाई चेष्टा करताहेत, असं तिला वाटलं. बाकीचीही हसली. मग हसणं ओसरलं आणि सगळी वाट बघू लागली. बाईंनीही वाट बघितली, बराच वेळ. पण ही शांतता निराळी होती, हिच्यात काहीच शिजत नव्हतं. कुणीतरी जांभई दिली.

शेवटी बाई फळ्याकडे वळल्या. 'फार पूर्वी येथे समुद्र होता,' त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, आणि खाली सवयीनं रेघ मारली. मुलांनी मान खाली घालून ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मधल्या सुट्टीत सगळी टेबलाला वळसा घालून खेळायला पळाली, आणि शिंपल्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.