फटफटीवरचं बिऱ्हाड

दिवाळीच्या तोंडावर रखमाजीच्या डोक्यात फटफटी शिरली. आणि या माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं नाही.

साल दोन हजार एक. कॅनॉलच्या कामावर आलेल्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्यानं गाडी विकायला काढली. साधी गाडी नव्हती ती. उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, मागच्या टायरला ट्रॅक्टरसारख्या खाचा, आणि सायलेन्सर खालून जायचा सोडून उजव्या अंगानं वर चढलेला. साहेब तिच्यावरून नाल्याओढ्यातून, नांगरलेल्या रानातून हिंडायचा. रखमाजीनं ती एकदा चालवून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी घरची घोडी हिंगोलीच्या एका वरातवाल्याला विकून गाडी दारात आणली. घरात एका शब्दानं विचारलं नाही.

आता घोडी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मेंढरं नाहीत त्याला कळायचं नाही. दिवाळी झाली की सेनगावकडच्या या वस्तीवरची धनगरं मेंढरं घेऊन जी बाहेर पडायची ती आठ-आठ महिने रानातच. आज याच्या शेतात, चार दिवसांनी त्याच्या शेतात. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंडीमुताचं खत होतं, त्यापायी शेतकरी धान्य देतो. अन् सगळा संसार त्या घोडीच्या पाठीवर. मेंढरं कोंडायची जाळी, मेखा, पाल, वाकळा, पिठाचं गठुडं, भगोनी, कोंबड्यांचं डालगं, आणि वर नुकतीच जन्मलेली दोन-चार कोकरं. अठरा वर्षं हे बिऱ्हाड लादलं ते चंद्रभागाबाईनं. रखमाजीच्या बायकोनं. घोडीसुद्धा तिच्याच माहेरची, तिच्या बापानं दिलेल्या घोडीची लेक.

घोडी गेल्याचं कळलं तेव्हा चंद्रभागाबाई रडली नाही की ओरडली नाही. अंगणात उभ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बरं. बिऱ्हाड हिच्यावर बसवून दाखवा. सोमवारी निघायचं हाय. एक जरी जिन्नस माझ्या डोक्यावर आला, तर औंदा मी येत न्हाई. तुमी अन् तुमची मेंढरं."

"अगं, घोडीच्या दुप्पट माल जाईल हिच्यावर!" रखमाजी छाती काढून म्हणाला.

म्हणाला खरा, पण मनात हिशेब सुरू झाला. बायको नाही आली तर आठ महिने रानात एकटा? मेंढरं एका माणसानं राखायची, बिऱ्हाड एका माणसानं हलवायचं, हे होणारं काम नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तो कुणाला सांगणारा नव्हता. पोरगी लग्न होऊन गेल्यापासून त्याला रात्री जेवताना समोर चंद्रभागा नसली की घास उतरायचा नाही.

मग सुरू झाली ती कटकट. हिंगोलीत दुकानात नवे डबे मिळायचे, गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायचे, कुलपाचे. त्यांची किंमत ऐकून रखमाजी पायरीवरूनच माघारी फिरला आणि खाजामियाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. खाजामिया दूधवाल्यांच्या गाड्यांना कॅन अडकवायचे लोखंडी स्टँड बनवायचा.

"मामा, बराबर बैठेगा," खाजामिया म्हणाला. "रोज दहा-दहा गाड्यांना बसवतो मी."

बसलं. घरी आणून रखमाजीनं दोन्ही अंगांना खताची रिकामी पोती बांधली, पोत्यात वाकळा भरल्या आणि सेनगावपर्यंत चक्कर मारायला निघाला. अर्ध्या वाटेत जळका वास आला. आधी वाटलं, कुणी तरी तुराट्या पेटवल्या असतील. थांबून बघतो तर उजव्या बाजूचं पोतं सायलेन्सरला चिकटून मेणासारखं वितळलेलं आणि आतल्या वाकळेला ताटलीएवढं भोक.

"च्यायला त्या साहेबाच्या!" रखमाजी भर रस्त्यात बोंबलला. "सायलेन्सर काय डोक्यावर घेऊन फिरत व्हता काय हा माणूस!"

परत खाजामिया. सायलेन्सरला लागू नये म्हणून त्यानं उजवी बाजू हातभर बाहेर काढली. पोती नकोत म्हणून रखमाजीनं तेलाचे चौकोनी डबे आणले, झाकणाला बिजागरी लावून घेतली. डबे भरले, गाडी स्टँडवरून काढली, आणि गाडी जी उजवीकडे झुकली ती रखमाजीला घेऊनच आडवी झाली. भगोनी गल्लीभर गडगडत गेली. शेजारचा सोनाजी ओट्यावर बसून सगळं बघत होता. तो म्हणाला, "दादा, घोडी निदान पडायच्या आधी ओरडायची तरी."

रखमाजीला असा संताप आला की वाटलं, ते डबे विहिरीत फेकून द्यावेत.

तिसऱ्या खेपेला त्यानं सगळं जड सामान मागं, सीटच्या पार मागं बांधलं. मेखा, जाळी, पाल. सपाटीला ठीक चाललं. ओढ्याचा चढ लागला तसं पुढचं चाक हवेत, आणि रखमाजी गाडीला मिठी मारून आभाळाकडे बघत मागच्या मागं पाण्यात. ओली जाळी पिळायला दोन माणसं लागली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. वस्तीवरच्या सगळ्या गड्यांना आता या कामाचं वेड लागलं. जो येई तो गाडी हलवून बघे आणि एक सल्ला देऊन जाई. कुणी म्हणे पुढं टाकीवर बांध, कुणी म्हणे हातगाडी जोड मागं. पाणवठ्यावर बायका मात्र रखमाजी दिसला की पदर तोंडाला लावून खुसुखुसु हसायच्या. त्याला वाटायचं, या डब्यांना हसून राहिल्यात. हसा म्हणाला, सोमवारी बघा.

चंद्रभागाबाई हसत नव्हती. ती भाकरी वाढायची आणि विचारायची, "बसलं का?"

"बसंल."

"कवा?"

या "कवा"नं त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची.

रविवारी सकाळी तो हात टेकून खाजामियाच्या दुकानापुढे बसला. खाजामियालाही आता हट्ट चढला होता. त्यानं दोन वेळा बसवलेलं सगळं लोखंड कापून काढलं. या खेपेला दोन्ही डबे पुढे सरकवले, रखमाजीच्या मांडीच्या मागं, आणि खाली उतरवले. उजव्या डब्याच्या आणि सायलेन्सरच्या मधोमध पत्रा ठोकला. डाव्या डब्यात मेखा, म्हणजे पत्र्यामुळं जरा बाहेर राहिलेल्या उजव्या डब्याला वजनाची जोड. जाळी आणि पाल सीटवर आडवं, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून. कोंबड्यांचं डालगं त्याच्या वर. कोकरांसाठी पुढं टाकीवर खताच्या पोत्याची दोन कप्प्यांची पिशवी, तोंडं बाहेर.

दिवस मावळायच्या आत रखमाजी सगळं बिऱ्हाड लादून ओढ्याचा तोच चढ चढला, उतरला, परत चढला. एक भगोनं वाजलं नाही. तो घरी आला तेव्हा त्याला वाटत होतं, आपण किल्ला जिंकून आलो.

"बसलं!" तो अंगणातूनच ओरडला. "एक जिन्नस राहिला नाही. ये, बघ!"

चंद्रभागाबाईनं येऊन पट्ट्या ओढून बघितल्या. पत्र्यामागं हात घातला. "चांगलं बसलं," ती म्हणाली, आणि आत गेली.

सोमवारी दिस उगवायला मेंढरं उठली. रखमाजीनं खांद्यावर घोंगडं टाकलं, काठी घेतली, आणि रोजच्या सवयीनं कळपाच्या पुढं जाऊन उभा राहिला. हाळी घातली. दहा पावलं गेला. मग त्यानं मागं वळून बघितलं.

गाडी अंगणात उभी होती. लादलेली, बांधलेली, कोकरं तोंड काढून बेंबाटत होती. आणि तिच्याशेजारी चंद्रभागाबाई हात कमरेवर ठेवून उभी होती.

रखमाजीचं तोंड उघडंच राहिलं. घोडी कशी, चंद्रभागानं लगाम धरला की मागं मागं यायची. अठरा वर्षं तो पुढं मेंढरं घेऊन चालला होता आणि बिऱ्हाड मागं आपोआप आलं होतं. ही गाडी मागं कशी येणार? हिला तर माणूस पाहिजे वर बसायला. आणि घरात गाडी चालवता येणारा माणूस एकच, मेंढरं नेणारा माणूसही तोच.

पाणवठ्यावरच्या बायका कशाला हसत होत्या ते त्याला आत्ता कळलं.

"तुला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"गाडी दारात आली त्याच दिशी."

"मग बोलली काहून न्हाईस? आठ दिस मी जीव काढून राहिलो, वाकळ जाळली, पाण्यात पडलो..."

"घोडी इकताना तुमी मला इचारलं?" आता मात्र तिचा आवाज चढला. "माझ्या माहेरची घोडी. एका शबुदानं इचारलं? मग म्या काहून सांगू?"

रखमाजीनं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. तो म्हणाला, मी गाडी पुढं नेऊन ठेवतो आणि जीपनं परत येतो. ती म्हणाली, कोंबड्या-कोकरांजवळ कोण बसंल, तुमचा साहेब? तो म्हणाला, मग सोनाजीला मेंढरं घेऊन पाठवतो. सोनाजी आपली मेंढरं घेऊन दुसऱ्या वाटेनं कालच गेला होता. शेवटी चंद्रभागाबाई पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"मेंढरं मी नेते. तुमी या बिऱ्हाड घेऊन. अन् बिऱ्हाडासंगं जो जातो त्यानं मुक्कामावर चूल मांडायची असती, हे ध्यानात ठेवा."

तिनं टाळूला जीभ लावून टक् टक् केलं. मेंढरं निघाली. आजारी मेंढीला रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसणारी तीच होती, तिचा आवाज त्यांना पाठ होता. एकानंही रखमाजीकडं वळून बघितलं नाही, आणि ते त्याला फार लागलं.

चार कोसांवरच्या मुक्कामाला फटफटी अर्ध्या-पाऊण तासात पोचली. मग अख्खा दिवस पुढं पडला. रखमाजीनं एकट्यानं पाल ठोकलं, ते दोनदा वाऱ्यानं पाडलं. जाळी ताणताना मेख अंगठ्यावर बसली. विहिरीवरून घागर आणताना अर्धी सांडली. कोकरं दुधासाठी ओरडत होती आणि त्यांच्या आया मागं रस्त्यात. शेतमालक बघायला आला, त्यानं विचारलं, "बाई कुठंय?" "मेंढरामागं," रखमाजी म्हणाला. शेतमालक बांधाच्या धुऱ्यावर बसून पोट धरून हसला.

चूल पेटेना. पेटली तर भाकरी थापता येईना. पहिली हातातच फाटली, दुसरी तव्यावर कोळसा झाली. रखमाजी धुरानं डोळे पुसत स्वतःलाच शिव्या घालत होता. हे सगळं ती रोज करायची. चार कोस घोडीसंगं चालून आल्यावर करायची. आणि तो धुऱ्यावर बसून म्हणायचा, झालं का गं?

दिवस कलताना धूळ दिसली. मेंढरं आली, जाळीत शिरली, कोकरं आयांना बिलगली. मागून चंद्रभागाबाई आली. धुऱ्यावर बसली, पाय लांब केले आणि पाण्यासाठी हात पुढं केला. रखमाजीनं तांब्या दिला.

"पाय दुखले?"

"न्हाई." ती पाणी प्यायली. "दोनदा मागं वळून पाह्यलं वाटंत. घोडी येऊन राहिली का म्हणून." तिनं तोंडावरून पदर फिरवला. पाणी पुसलं की डोळे, ते त्याला कळलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. अठरा वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. "इथून पुढं इचारल्याबिगर काही इकणार न्हाई."

"इकायला आता राह्यलंय काय? मेंढरं, अन् मी."

त्यानं मान खाली घालून ताट वाढलं. जाड, एका अंगानं करपलेली भाकरी आणि पिठलं. तिनं एक घास खाल्ला, हळूहळू चावला.

"येतीस ना पुढं?" त्यानं विचारलं. "पार शिरड शहापूरपस्तोर?"

"मेंढरामागं येते. चूल तुमच्याकडं. असं जमत असंल तर येते."

रखमाजीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. वस्तीवरचे लोक काय म्हणतील, शेतमालक काय म्हणंल. त्यानं ते सगळं गिळलं.

"मीठ जास्त झालं का?" तो म्हणाला.

"मीठ घातलंच न्हाई तुमी," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि तिनं दुसरी भाकरी मागितली.