सवलतीतला समुद्र

किल्लीवाल्याने आयुष्यात एकही वस्तू पूर्ण किमतीला घेतली नव्हती, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. बाजारातले दुकानदार त्याला लांबूनच ओळखायचे. तो दिसला की एकमेकांना म्हणायचे, "आले बघा, आता बोहनी विसरा." त्याचं स्वतःचं दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या, मधे घासायचं मशीन, आणि आत दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं.

त्याची बायको एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. शहरातल्या सगळ्या हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. तापलेल्या रुळांतून चादर बाहेर आली की कोपरे धरायचे, झटकायचं, घडी घालायची, पुढची धरायची. दिवसभर हेच. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "अहो, मला एकदा अशा पलंगावर झोपायचंय, की ज्याची चादर मी धुतली नाही, मी घडी घातली नाही आणि सकाळी उठून मला काढायची पण नाही."

"एवढंच ना? हॉटेलात जाऊ एक दिवस."

"इथल्या कुठल्याही हॉटेलात गेले तरी ती चादर माझ्याच हाताखालून गेलेली असणार. कुठे रफू आहे तेसुद्धा सांगेन मी. मला बोटीवर जायचंय. त्या मोठ्या, चार दिवस समुद्रात फिरवून आणतात त्या. त्यांचं धुणं बोटीवरच होतं म्हणे."

किल्लीवाल्याचा घास हातातच राहिला. आजवर सुट्टी म्हणजे त्याच्या भावाचं घर, कारण तिथे राहणं-जेवणं फुकट. बायकोने कधी कुरकुर केली नव्हती. काही मागितलंही नव्हतं. आता मागितलं, ते एकदम समुद्रच.

दुसऱ्या दिवशी तो क्रूझच्या ऑफिसात जाऊन भाव विचारून आला. आला तो कुणी मुस्कटात मारल्यासारखा चेहरा करून. पण हार मानेल तर तो किल्लीवाला कसला? आठवड्याभरात त्याने वाट शोधून काढली. क्रूझ कंपनीची गिफ्ट कार्डं निघत असत. लोक ती एकमेकांना लग्नात, वाढदिवसाला द्यायचे. ज्यांना मिळायची त्यातल्या निम्म्यांना जायचंच नसे, मग ते शंभराचं कार्ड ऐंशीला विकून मोकळे व्हायचे. शिवाय सुपरमार्केटात अधूनमधून त्याच कार्डांवर सूट लागायची. कार्डं अशी स्वस्तात जमवायची आणि तिकिटाचे पैसे त्यांनीच भरायचे.

"यात काही लबाडी नाही ना?" बायकोने विचारलं.

"लबाडी कसली! त्यांना कार्ड नको, आपल्याला हवंय. दोघंही खूश."

मग सुरू झाली मोहीम. किल्लीवाला कार्डं घ्यायला कुठेकुठे जायचा. एका नर्सकडून घेतलं, एका घटस्फोट झालेल्या जोडप्याकडून अर्धं अर्धं घेतलं, एका व्यायामशाळेच्या मालकाकडून घेतलं. फसायची सोय त्याने ठेवली नव्हती. विकणाऱ्याच्या समोरच कार्डामागची पट्टी खरवडायची, कंपनीला फोन लावायचा, त्यात शिल्लक किती ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं आणि मगच खिशात हात घालायचा. बायको वरवर म्हणायची, "काय हा उद्योग!" पण लॉन्ड्रीतल्या बायकांना तिने सगळं सांगून ठेवलं होतं, आणि त्या रोज विचारायच्या, "काय गं, कुठवर आली बोट?"

बोट जवळजवळ आली होती. एक मोठी रक्कम तेवढी बाकी होती, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात दिसली. एका माणसाच्या क्रूझचं व्हाउचर, नाव कोरं, जो नेईल त्याचं. या वेळी बायकोही बरोबर निघाली.

दार उघडलं ते एका उंच, थोड्या वाकलेल्या म्हाताऱ्याने. हा माणूस सगळं आयुष्य बांधकामावरची उंच क्रेन चालवून निवृत्त झाला होता. आसपासचे त्याला क्रेनकाका म्हणायचे. घर सातव्या मजल्यावर, खिडकीतून शहरभरच्या क्रेन दिसायच्या. त्याने कॉफी केली आणि व्हाउचर टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला का नाही जायचं, काका?" बायकोने विचारलं. किल्लीवाला असले प्रश्न विचारत नसे. भाव वाढतो म्हणून.

"ताई, मी चाळीस मजले वर बसून डबा खाल्लाय. वाऱ्याने केबिन हलायची, तरी भाजी सांडली नाही. पण पाणी?" काकांनी नुसत्या कल्पनेनेच खुर्चीचा हात धरला. "पाण्याची मला लहानपणापासून भीती. पुलावरून जाताना बसमध्ये डोळे मिटतो मी. आणि मुलीने नेमकं हेच दिलं. लांब पल्ल्याची बस चालवते ती. जादा फेऱ्या मारून पैसे साठवले. आई गेल्यापासून तुम्ही कुठे बाहेरच पडला नाहीत बाबा, म्हणाली. आता तिला कसं सांगू?"

"सरळ सांगायचं."

"तिचा चेहरा बघितला असता ना ताई, तर तुम्हीसुद्धा नसतं सांगितलं."

मग काका खाकरले. "भाव तुम्ही म्हणाल तो. फक्त एक करा. तिथले फोटो पाठवा मला रोज. माणसं नकोत त्यात. समुद्र, डेक, जेवणाचा हॉल, असले. मी ते पुढे तिला पाठवीन."

किल्लीवाल्याचे डोळे चमकले. "फोटो काढायचे म्हणजे मेहनत आली, काका. मग अजून थोडं खाली या."

बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण काका हसले आणि खाली आले.

तिकीट काढायच्या दिवशी ऑफिसात मोठी गंमत झाली. किल्लीवाल्याने व्हाउचर ठेवलं आणि त्याच्या शेजारी एकेक करत कार्डं मांडत गेला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "साहेब, मशीन एका वेळी चारच घेतं." तिने चार घेतली, पावती काढली, परत चार घेतली. मागे रांग वाढत गेली. कुणीतरी ओरडलं, "तिकडे पत्त्यांचा डाव मांडलाय की काय?" बायकोने लाजून पदर तोंडाला लावला, पण शेवटचं कार्ड चाललं आणि तिकिटं छापून आली तेव्हा टाळ्याही त्याच रांगेने वाजवल्या.

बोटीवर पाय ठेवला आणि बायको तडक केबिनमध्ये गेली. पलंगापाशी उभी राहिली. चादरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, घडी जरा उचलून पाहिली.

"कशी आहे?" किल्लीवाल्याने विचारलं.

"डाव्या बाजूला ढिली आहे," ती म्हणाली. "राहू दे. कुणी का घातली असेना, मी नाही घातली." आणि चपला काढून ती भर दुपारी आडवी झाली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. किल्लीवाला तिच्याजवळ खुर्ची घेऊन बसला. बाहेर फुकटचं खाणं चालू होतं, ते त्याला दिसत होतं, तरी बसला.

फोटोंचं काम मात्र तो इमाने इतबारे करत होता. रोज डेकवरून लाटा, जेवणाचा हॉल, वरचा पोहण्याचा तलाव. काका ते मुलीला पाठवायचे आणि खाली काहीतरी लिहायचे: "आज वारा छान होता." "सूप जरा खारट." हळूहळू काकांनाच त्यात गोडी लागली. त्यांचे निरोप यायला लागले, "त्या छोट्या बोटी वर टांगल्यात ना, त्यांच्या दोरांच्या कप्प्या जवळून दाखवा." "कशाने खाली सोडतात ते विचारा." किल्लीवाल्याने एका खलाशाला पकडून कप्प्यांची सगळी माहिती काढली. दोघांचं फोनवर एवढं चालायचं की बायको म्हणाली, "सहलीला तुम्ही माझ्याबरोबर आलाय की त्यांच्याबरोबर?"

परतीच्या आदल्या संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"ताई, घोटाळा झाला. कालचा फोटो बघा. केबिनच्या खिडकीतून समुद्र काढलाय तो."

दोघांनी फोटो उघडून पाहिला. समुद्र होता. पण बाहेर अंधारून आलं होतं, आत दिवा लागला होता, आणि खिडकीच्या काचेत समुद्राच्या बरोबर मधोमध गाऊन घातलेली बायको केस पुसत उभी होती. किल्लीवाला स्वतः पडद्याच्या आडून फोटो काढत होता, तो दिसतच नव्हता.

"माझ्या मुलीने विचारलं, बाबा, या कोण?" काका म्हणाले. "मला काही सुचेना. मी नुसतं 'हं' म्हटलं. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, मला किती आनंद झालाय सांगू! उद्या ती धक्क्यावर येतेय. तुम्हाला भेटायला. फुलं घेऊन."

बायको मटकन पलंगावर बसली. मग तिला हसू फुटलं. इतकं, की किल्लीवाल्याला तिच्या हातून फोन घ्यावा लागला.

"घाबरू नका काका," तो म्हणाला. "असं करू. तुम्ही बॅग घेऊन गाडीतळाच्या बाजूने या, उतरणाऱ्या गर्दीत मिसळा. हिला मी मागच्या दाराने काढतो. तुम्ही सांगा, बाईंना बरं नव्हतं, लवकर गेल्या. पुढच्या महिन्यात सांगा, भांडण झालं..."

"काही नको," बायकोने फोन ओढून घेतला. तिचं हसू थांबलं होतं. "एक खोटं झाकायला चार खोटी. काका, तुम्ही फक्त या. मी बोलते तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ती मुलगी लांबूनच कळली. बापासारखी उंच, अंगात बस कंपनीचं जाकीट, हातात पिवळी फुलं. रात्रपाळी संपवून तशीच आली असावी. काका तिच्यापासून थोडे लांब, रिकामी बॅग घेऊन, पाण्याकडे पाठ करून उभे होते. मुलीने बायकोला ओळखलं आणि हसत पुढे आली.

"थांब बाळा," बायको म्हणाली. "फुलं देण्याआधी ऐकून घे. हे माझे यजमान. तू बाबांना दिलेलं व्हाउचर आम्ही त्यांच्याकडून विकत घेतलं. सवलतीत. बाबा बोटीवर आलेच नव्हते. त्यांना पाण्याची भीती वाटते, आणि तुला सांगायची त्याहून जास्त वाटते."

मुलगी बघत राहिली. आधी बायकोकडे, मग किल्लीवाल्याकडे, मग बापाकडे. किल्लीवाल्याला वाटलं, आता ही ओरडणार. तो आपल्या बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभा राहिला.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "कुणीच नाहीये?"

व्हाउचरचं तिला काहीच वाटलं नव्हतं. त्या दोन दिवसांत तिने मनात बापाच्या जेवणाच्या टेबलावर दुसरं ताट मांडलं होतं, ते आता उचलावं लागत होतं. काकांच्या ते लक्षात आलं. ते चार पावलं पुढे आले. पाणी जवळ होतं, तरी आले.

"तू एवढ्या फेऱ्या मारल्यास," ते म्हणाले. "मला नाही म्हणवलं नाही गं."

"बाबा, मला काय माहीत तुम्हाला पाण्याची भीती वाटते! कधी बोललात का?"

"आईला माहीत होतं."

त्यावर मुलीने फुलं बगलेत धरली आणि बापाला मिठी मारली. किल्लीवाला उगाच बोटीकडे बघत बसला, आणि बायको उघडपणे डोळे पुसत राहिली.

मग प्रश्न निघाला, आलेल्या पैशांचं काय केलंत? काका ओशाळून म्हणाले, "खुर्ची घेतली." तेव्हा मुलगी म्हणाली, "चला, मग ती तरी दाखवा." चौघं सातव्या मजल्यावर गेले. खिडकीपाशी एक मोठी, पाय लांब करता येतील अशी खुर्ची होती. आधी मुलगी बसली आणि बोलता बोलता तिला झोप लागली, जाकीट घालूनच. तिघांनी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात जेवण केलं. बायकोने काकांच्या भांड्यांची मांडणी मोडून पुन्हा लावली, आणि काकांनी किल्लीवाल्याला कप्प्यांबद्दल एवढं विचारलं, की त्याने शेवटी कागदावर चित्रच काढून दाखवलं. मधेच त्याने विचारलं, "खुर्ची कितीला पाडली?"

"लिहिलं होतं तेवढ्याला."

"काहीच कमी नाही केलं?" किल्लीवाल्याला घास जाईना. "काका, मला न्यायचं होतंत ना!"

मुलगी उठली तेव्हा उन्हं कलली होती. जाताना तिने दारात किल्लीवाल्याला थांबवून विचारलं, बाबांच्या घराची एक किल्ली तुमच्याकडे ठेवाल का? मी लांब असते. किल्लीवाल्याने त्याच संध्याकाळी ती घासून घेतली आणि दुकानात नाही, घरात दाराजवळ टांगली.

आता दर बुधवारी काका त्यांच्याकडे जेवायला येतात. एखाद्या बुधवारी नाही आले, तर किल्लीवाला ती किल्ली घेऊन निघतो आणि बायको डबा भरते. मुलीचा फोन येतो तो कुठल्यातरी बसस्थानकावरून, मागे हॉर्न वाजत असतात.

"काकू, बाबा नीट जेवले का?"

"जेवले. दोनदा भात घेतला. तू जेवलीस का?"

"जेवते आता," ती म्हणते.